बायकांची खोली सरकते

"इतिहास कुणाच्या बापाचा नसतो!" असं मी टेबलावर मूठ आपटून म्हणालो.

"असं कसं म्हणता ओ सर," समोरून रेवणसिद्ध बिराजदार शांतपणे म्हणाले, "तो काटा माझ्या आज्जाचा हाय. म्हंजे बापाचा पण झालाच की."

मूठ जिथे आपटली तिथे भज्यांची बशी होती. बिराजदारांनी ती अलगद आपल्या बाजूला ओढून घेतली आणि सभा पुढे चालू झाली. सभा म्हणजे आम्ही दोघेच. जागा म्हणजे त्यांच्या चादरींच्या दुकानातली मागची खोली. चारी बाजूंना छतापर्यंत चादरींचे गठ्ठे असल्यामुळे माझं वक्तृत्व तिथे अजिबात घुमत नसे. शब्द तोंडातून निघत आणि वाघ-मोरांच्या चादरींत मुरून जात.

प्रकरण असं होतं. सोलापूरचं स्टेशन वाढणार होतं. जादा लाइन, नवे फलाट, सरकते जिने, सगळं काही. त्याच्या आड येत होतं ते बंद पडलेल्या छोट्या लाइनचं जुनं स्टेशन. त्यातलं बरंचसं आधीच पडलं होतं, पण काळ्या दगडाच्या दोन चिमुकल्या इमारती शाबूत होत्या. एक काटाघर, जिथे कापसाच्या गाठींचं वजन होत असे, आणि दुसरी जनाना वेटिंग रूम, जिला सगळे 'बायकांची खोली' म्हणत. नव्या स्टेशनसमोरच्या बागेत यांपैकी एक इमारत नेऊन ठेवता येईल, एवढीच जागा आहे, असं रेल्वेच्या साहेबांनी सांगितलं. "नागरिकांनी मिळून एक नाव द्यावं. आम्ही उचलून ठेवू," हे ते कुंडीबद्दल बोलावं तसं बोलले. एकमत झालं नाही तर दोन्ही पाडणार.

म्हणून नागरिक समिती नेमायचं ठरलं. वर्तमानपत्रातून जाहीर आवाहन झालं. शहरातल्या लाखो नागरिकांपैकी दोघे आले. एक बिराजदार, कारण काट्याचा ठेका त्यांच्या आजोबांकडे होता. दुसरा मी, कारण बायकांच्या खोलीशेजारी माझी बायको लहानाची मोठी झाली होती. माझे सासरे दत्तोपंत आष्टीकर हे त्या स्टेशनचे मास्तर. त्यांचं क्वार्टर कधीच जमीनदोस्त झालं होतं. दुपारी गाडी नसली की इंदू त्या खोलीच्या गारव्यात बसून मॅट्रिकचा अभ्यास करायची. वर्तमानपत्रातल्या माझ्या सदरात मी त्या खोलीवर एवढं गहिवरून लिहिलं होतं की वाचकांना मी तिथेच जन्मलो असं वाटलं असावं. लोक मला सर म्हणत, ते शिकवत होतो म्हणून नव्हे. सोलापुरात काखेत वर्तमानपत्र असलं की माणूस आपोआप सर होतो.

"आता भांडून उपेग नाय," बशीतलं शेवटचं भजं उचलत बिराजदार म्हणाले. "रेल्वे एक तज्ज्ञ पाठवायलीय. कुठली इमारत हलवायला सोपी, ते तो सांगंल. मग आपण दोघं ठरवू."

"हलवणार म्हणजे दगडांवर आकडे घालून, सुटे करून?"

"छ्या! अक्खीच्या अक्खी. खालून जॅक लावायचं, रूळ टाकायचं, आणि वढायचं. पुण्याचं तडवळकर म्हणून हायती. रिटायर हायती, पण लई मोठं नाव."

मी 'वा वा' म्हणालो. आपण कशाला वा वा म्हणतोय हे माणसाला आधी कळत नाही, हीच अडचण आहे.

*

घरी आलो तेव्हा इंदू चटणीसाठी शेंगा भाजत होती. मी सगळं रंगवून सांगितलं. भाषण, माझी मूठ (बशी वगळून), आणि शेवटी तज्ज्ञ.

"पुण्याचे कोणीतरी तडवळकर. अख्खी इमारत उचलतात म्हणे."

उलथणं थांबलं. "अरविंद तडवळकर?"

"बिराजदार अण्णांनी आडनावच सांगितलं. तुला नाव कसं माहीत?"

"मला बघायला आले होते," ती म्हणाली आणि उलथणं पुन्हा चालू झालं.

लग्नाआधी आपल्या बायकोला आणखी कोणी बघून गेलं असणार, हे प्रत्येक नवऱ्याला माहीत असतं. पण त्या माणसाला चेहरा नसतो. तो नुसता 'एक स्थळ' असतो, आणि स्थळाचा मत्सर करता येत नाही. स्थळाला पहिलं नाव लागलं की मात्र करता येतो. मला तो तिथल्या तिथे, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभ्या उभ्या करता आला.

"कुठे? म्हणजे कुठे बघायला आले होते?"

"तिथेच की. बायकांच्या खोलीत."

"वेटिंग रूममध्ये?"

"त्यांना एका गाडीतून उतरून दुसरीत बसायचं होतं. मधल्या वेळात कार्यक्रम उरकायचा होता. क्वार्टरमध्ये काकू बाळंत झालेली, सगळीकडे धुरी नि लंगोट. मग बाबा म्हणाले, वेटिंग रूममध्येच करू. पोर्टरला दाराशी उभं केलं होतं, बायकांना आत सोडू नको म्हणून."

"बायकांच्या खोलीत बायकांना बंदी?"

"एकच बाहेर बोंबलत होती. तिला बाबांनी फलाटावर चहा पाजला."

"मग?"

"मग काय? त्यांची गाडी आली."

"तसं नव्हे. नकार कुणी दिला?"

"सरका हो, शेंगा जळताहेत."

मी वाकून पाहिलं. शेंगा अगदी मजेत होत्या.

*

पुण्याहून येणारा निवृत्त इंजिनिअर म्हटल्यावर मी मनात एक टक्कल तयार ठेवलं होतं. ते वाया गेलं. तडवळकर उंच, सडपातळ, पाठीचा कणा फूटपट्टीसारखा. डोक्यावर पांढरे पण भरघोस केस, आणि वाऱ्याने ते उडाले की हाताने मागे सारायची एक सवय, जी या वयात माणसाने सोडून द्यायला हवी. मी जागेवरच त्यांच्याकडे पोट आत ओढून पाहिलं. पोटाने फार काळ साथ दिली नाही.

त्यांनी काटाघराला एक चक्कर मारली. ठीक, म्हणाले. मग बायकांच्या खोलीकडे वळले आणि चाल बदलली. देवळात शिरताना बदलते तशी. भिंतीला तळहात लावला, बोटांनी टकटक केली, आणि चक्क कान टेकला.

"काय म्हणती ओ?" बिराजदारांनी विचारलं.

"खणखणीत आहे," तडवळकर डोळे मिटून म्हणाले. "लग्नाच्या वयात एकदा आलो होतो इथे. तेव्हापासून ही खोली डोक्यातून गेलेली नाही."

नेमकी त्याच वेळी पाठीमागून इंदू आली. हातात डबा होता आणि अंगावर इरकल. इरकल ही आमच्या घरात फक्त सख्ख्या नात्यातल्या लग्नांना बाहेर पडणारी वस्तू आहे. त्या दिवशी साधा मंगळवार होता.

"या आमच्या मिसेस," मी म्हणालो. यातल्या 'आमच्या'वर मी दिलेला जोर बिराजदारांनाही जाणवला असावा, कारण ते माझ्याकडे वळून बघायला लागले.

"नमस्कार वहिनी," तडवळकर म्हणाले. पापणीसुद्धा हलली नाही. लगेच पुन्हा भिंतीकडे.

इतकं निर्विकार राहणं निष्पाप माणसाला जमत नाही. त्याला सराव लागतो. बरं, तो खोलीचं नाव घेऊन बोलत होता हे मलाही ऐकू आलं होतं. पण मी उभा जन्म उपहास लिहून काढलेला माणूस. नगरपालिकेला बोलायचं तर मी बैलावर लिहायचो, आमदाराला बोलायचं तर पावसावर. एकाचं नाव घेऊन दुसऱ्याबद्दल बोलणं हा माझा धंदा होता. डोक्यातून खोली जात नाही, असं कोणी म्हणालं तर मला कळत नाही काय, की डोक्यात खोली नाही?

त्यानंतर तपासणी चालू असेपर्यंत रोज डबा गेला. धपाटे गेले, कडक भाकरी गेली, दाण्याची चटणी तर गेलीच. तडवळकर जोत्यावर बसून, नजर कमानीला लावून जेवायचे आणि मधूनच "वा!" म्हणायचे. ती दाद धपाट्याला की दगडाला हे कळायला मार्ग नव्हता. मी दोन्ही धरून चाललो.

इंदू मात्र तिथून आली की गप्प असायची. एकदा तर आरशासमोर बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "मी फार बदलले का हो?"

"कुणाच्या मानाने?" मी विचारलं.

तिने कंगवा जरा जोरातच खाली ठेवला.

मग मी दुपारी उठून दुकानात गेलो.

"अण्णा, तुमचं बरोबर आहे. काटाघर ठेवू."

बिराजदार गिऱ्हाइकाला चादर उलगडून दाखवत होते. त्यांनी ती तशीच हवेत धरली. चादरीवरच्या मोराच्या वरून दोन डोळे माझ्याकडे बघू लागले.

"काय झालं ओ सर? उन्हातनं आलाव काय?"

"कापूस हा सोलापूरचा आत्मा आहे."

"हे मी तुमाला सांगत होतो तवा तुमी काय म्हणलाव, की आत्म्याला काटा कशाला लागतो."

"माणसाचं मत बदलतं."

"वहिनींना ठाव हाय का?"

"मतदार मी आहे."

"म्हंजे ठाव नाय," बिराजदार गिऱ्हाइकाला म्हणाले. गिऱ्हाइकाने सहानुभूतीने मान हलवली.

*

वहिनींना ते संध्याकाळच्या आत ठाऊक झालं. बिराजदारांच्या बायकोने भाजी घेता घेता सांगितलं. मला वाटलं होतं इंदू भांडेल. भांडणाची मी तयारी केली होती, मुद्दे पाठ होते. ती समोर येऊन बसली आणि पिशवीतल्या गवारीच्या शेंगा मोडायला लागली.

"आई गेली तेव्हा क्वार्टर होतं," ती म्हणाली. "बाबा गेले तेव्हा फलाट होता. आता तेवढी खोलीच राहिलीय. बाबा तिची कडी स्वतः पुसायचे, बायका हात लावतात म्हणून. मला दुसरं काही नको होतं हो."

मी पिशवीतली एक शेंग उचलून उगाच उलटसुलट केली.

"तुम्हाला नेमकं काय पाहिजे ते एकदा सांगून टाका."

"नकार कुणी दिला?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मला मॅट्रिकच्या परीक्षेत प्रश्नपत्रिका उलटी धरल्यासारखं झालं.

"यासाठी? यासाठी तुम्ही बाबांची खोली पाडायला निघालात?"

"तू आधी उत्तर दे."

"मी दिला."

हे उत्तर ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. अर्धा क्षण वाटलंही. पण मत्सर हा फार चौकस प्राणी आहे. त्याला एक घास टाकला की तो दुसऱ्यासाठी तोंड उघडतो.

"का दिला? काय वाईट होतं? उंच आहेत, हुशार आहेत, केस आहेत..."

"केस?"

"काही गंभीर कारण असल्याशिवाय असलं स्थळ कोण सोडतं? त्यांनी काही म्हटलं होतं का? की तुझी इच्छा होती आणि मास्तर नको म्हणाले?"

"ते त्यांनाच विचारा," गवार उचलून आत जाता जाता ती म्हणाली. "आणि मलाही सांगा काय म्हणतात ते. मलाही ऐकायचंय."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी जागेवर सगळे जमले. रेल्वेचे साहेब आले होते. बिराजदार पांढराशुभ्र सदरा घालून, नारळ आणि पेढे घेऊन हजर होते. नारळाला त्यांनी आधीच कुंकू लावून ठेवलं होतं. दोन्ही इमारती हलवता येतील, तडवळकरांनी सांगितलं, काटाघर जरा सोपं. आता आम्ही नाव द्यायचं तेवढं बाकी.

"बोला सर," साहेब म्हणाले.

"एक मिनिट," मी म्हणालो. "तडवळकरसाहेब, जरा आत येता का? एक तांत्रिक शंका आहे."

आम्ही बायकांच्या खोलीत गेलो. आत खरंच गार होतं. भिंतीला लागून दगडी बाक, समोर एक खिडकी, वर सागवानी लाकडांच्या तिरक्या कैच्यांवर कौलं. आत शिरल्याबरोबर तडवळकरांची मान वर गेली.

"तुम्ही म्हणालात, लग्नाच्या वयात इथे आला होता."

"हो. गंमतच आहे ती. मुलगी बघायला आलो होतो. इथेच, याच खोलीत."

"मग?" माझा आवाज जरा चिरकला. "कशी होती?"

"काय सांगू तुम्हाला!" त्यांनी डोळे मिटले. मी भिंतीचा आधार घेतला. "असली देखणी गोष्ट मी त्याआधी पाहिली नव्हती. चुन्याचा सांधा बघा, सुई जाणार नाही. आणि बाहेरची कमान! आतून बघितली की बसकी वाटते, बाहेरून बघितली की उभारलेली. बांधणारा कोण होता देव जाणे."

"मी मुलीबद्दल विचारतोय."

"कुठल्या?"

"जी बघायला आला होतात ती!"

"अच्छा, ती." त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, प्रामाणिकपणे प्रयत्न केला. "नाही हो. आठवत नाही."

तुम्ही कधी अंगातली सगळी ताकद लावून एखादं दार ढकलायला गेला आहात, आणि ते उघडंच निघालं आहे? तसा मी आत कोसळलो. आणि उठलो तो भलत्याच बाजूने.

"आठवत नाही म्हणजे काय?"

"बऱ्याच वर्षांची गोष्ट आहे."

"वर्षांचा काय संबंध? कमान आठवते, सांधा आठवतो! समोर एक मुलगी बसलेली होती. अहो, ती बोलताना आधी हसते आणि मग बोलते. रागावली की खालचा ओठ दाताखाली धरते. तिने मान वळवली की बघणाऱ्याला वाटतं, आपण आत्ता काहीतरी शहाण्यासारखं बोलायला पाहिजे, आणि नेमकं काही सुचत नाही. इतकी वर्षं झाली, मला अजून सुचत नाही! आणि तुम्ही म्हणता आठवत नाही? आठवा! हिरवी साडी असणार. तिला हिरवा रंग..."

"जांभळी होती," दारातून आवाज आला.

इंदू दारात उभी होती. ती कधीपासून उभी होती हे विचारण्यात अर्थ नव्हता, तिचा खालचा ओठ दाताखाली होता.

तडवळकर तिच्याकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे. मग सभ्य माणसाला होते तेवढी पंचाईत त्यांची झाली.

"म्हणजे वहिनी... तुम्ही...? आष्टीकर मास्तरांच्या...?" ते चाचपडत म्हणाले, "थांबा हां. चष्मा होता का?"

"तिला चष्मा नव्हता!" मी ओरडलो. "चष्मा लग्नानंतर लागला!"

"होता," इंदू म्हणाली. "शाळेपासून होता. बाबांनी त्या दिवशी काढून ठेवायला लावला, आणि पुढे लग्न होईपर्यंत घालूच दिला नाही. मला हे दिसलेच नाहीत. समोर नुसतं काहीतरी उंच आणि पांढरट होतं, आणि ते वर बघत होतं."

"मी तुम्हाला काही विचारलं होतं का?" तडवळकरांनी भीत भीत विचारलं.

"एकच. भिंतीची जाडी माहीत आहे का म्हणून."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, बाबांना विचारून सांगते. बाहेर गेले आणि बाबांना सांगितलं, मला हे नकोत. बाबा म्हणाले, अगं, मुलगा एवढा हुशार. मी म्हटलं, हुशार असतील, पण त्यांना ही खोली द्या, मी कशाला मध्ये?" ती जरा थांबली. "भिंतीवर जळले होते मी तेव्हा. खरंच सांगते. दगडाच्या भिंतीवर! हे एवढ्या वर्षांनी परत आले, म्हटलं आता तरी ओळखतील. रोज डबा आणला. इरकल नेसले. तर पुन्हा आपले भिंतीकडे बघून 'वा'!"

"धपाटे उत्तमच होते," तडवळकर अगदी मनापासून म्हणाले. इंदूने तिकडे लक्ष दिलं नाही.

"पण मग मला हो का म्हणालीस?" मी विचारलं. त्या तिघांच्या गर्दीत हा प्रश्न विचारायचा नव्हता, पण आता सगळीच भीड गेली होती. "मी तरी कुठे तुझ्याकडे बघत होतो? मला आठवतंय, माझी मान खाली होती."

"तुम्ही पोह्यांकडे बघत होतात," इंदू म्हणाली. "पण पोहे मी केले होते."

खिडकीबाहेरून कोणीतरी नाक ओढल्याचा आवाज आला. बिराजदार होते. नारळ पोटाशी धरून, गजांना कान लावून उभे. त्यांच्यामागे रेल्वेचे साहेब होते, पण ते लांब बघत असल्याचं सोंग करत होते.

"सर," बिराजदार नाक पुसत म्हणाले, "खोलीच उचला."

"अण्णा, अहो काटा..."

"काट्याचं काय घेऊन बसलाव! आमच्या काट्यात नुसता कापूस ओ. तीन पिढ्या झाल्या, असलं कायबी घडलेलं नाय तिथं. आज्जा आला, गाठ ठिवली, वजन केलं, गेला. हे असलं आमच्या काट्यात एकदा तरी घडाया पायजे होतं का नाय?" त्यांच्या आवाजात खरी जळजळ होती. मला ती लगेच ओळखता आली, तिच्या बाबतीत मी अलीकडेच तयार झालो होतो. "तेवढा लोखंडी काटा मला द्या. दुकानात ठिवतो. इमारत जाऊ द्या."

साहेबांनी लांब बघणं सोडून लगेच होकार दिला. नारळ फुटला. पहिला पेढा बिराजदारांनी इंदूच्या हातावर ठेवला आणि दुसरा स्वतः खाल्ला. मला तिसरा मिळाला.

*

खोली सरकली तो दिवस सोलापूरकरांना अजून आठवत असेल. जोत्याखालून पोलादी तुळया घातलेल्या, त्यांच्याखाली रूळ, रुळांना ग्रीस चोपडलेलं. पलीकडून यंत्राने जाड तार ओढायची. यंत्र सुरू झालं आणि बराच वेळ काहीच झालं नाही. मग कोणीतरी ओरडलं, "हलली ओ हलली!" आणि खरंच, ती काळी, ठेंगणी, कौलारू खोली, अख्खी, दारा-खिडक्यांसकट, पोरीबाळींनी कडेवर घेतलेल्या बाळासारखी डुलत न डुलत पुढे यायला लागली. बिराजदारांनी शिट्टी मारली. त्या वयाच्या आणि त्या वजनाच्या माणसाला शिट्टी येते हे मला तेव्हा कळलं.

इंदू गर्दी अडवायला बांधलेल्या दोरीच्या पुढे जाऊन, रुळांच्या अगदी तोंडाशी उभी राहिली होती. जांभळी साडी नेसली होती. कुठून काढली देव जाणे, मी ती आधी पाहिली नव्हती. डोळ्यांना पदर लावून ती खोलीकडे बघत होती. दारावरची पितळी कडी त्या दिवशी सकाळी तिने स्वतः पुसली होती. पुसताना मी बघितलं होतं.

तडवळकर पलीकडे उभे राहून हाताने खुणा करत होते. हळू, अजून हळू, थांबा. एकाएकी त्यांनी यंत्र थांबवायला लावलं. सगळीकडे शांत झालं. डोक्यावरचं पिवळं हेल्मेट त्यांनी काढून हातात घेतलं, केस मागे सारले, आणि गर्दीतून वाट काढत सरळ इंदूकडे यायला लागले.

ते तिच्यासमोर उभे राहिले आणि तिच्याकडे बघत राहिले. वर नाही, भिंतीकडे नाही, तिच्याकडे. मला वाटलं होतं माझा मत्सर विझलाय. तो भसकन पेटला.

"सर," बिराजदार माझ्या कानाशी कुजबुजले, "आता आठवलं वाटतं ह्यांला."

"मला दिसतंय अण्णा."

"जावा की मधी."

मी गेलो. माझे पाय गेले म्हणायला हवं. मी तिथे पोहोचलो तेव्हा तडवळकर घसा खाकरत होते. इंदूने डोळ्यांवरून पदर काढला होता आणि चष्मा नीट केला होता. 

"वहिनी," तडवळकर म्हणाले. आवाज हळवा होता, खोटं कशाला सांगू. "कसं सांगू तुम्हाला, कळत नाही. बराच वेळ मनात आहे."

"बोला ना," इंदू म्हणाली.

"रागावणार नाही ना?"

"नाही रागावणार."

"मग तेवढं जरा डावीकडे सरकता का? तुमच्यामुळे मला कमान दिसत नाहीये."